धम्मानंदांनी हेरलेला गडगा

सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये वाईनची सर्वांत जास्त माहिती असलेले गृहस्थ तिचा थेंबही पीत नसत. धम्मानंद मूळचे राजापूरकडचे. हार्बरफ्रंटच्या एका कंपनीत ते इटलीहून येणारी वाईन उतरवून घेण्याचं काम पाहत. सकाळी वंदनेत मद्य न पिण्याचं पाचवं शील म्हणायचं आणि लगेच एमआरटी मेट्रोने त्याच मद्याकडे निघायचं, यावरून पत्नी रुपाली त्यांना चिडवी. आपण फक्त खोकी उतरवतो, बाटली नव्हे, असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

२०१५ साली बतिस्ता नावाचा इटलीतला म्हातारा मळेवाला सिंगापूरला आला. समुद्रावर झुकलेल्या उभ्या डोंगरात पायऱ्या खोदून तो द्राक्षं लावी. कंपनीला वाईन पुरवायचा करार पुढे चालवायचा की मोडायचा, हे तो जेवणाच्या टेबलावर ठरवणार होता. करार गेला असता तर धम्मानंदांची नोकरी, नोकरीबरोबर इथे राहण्याचा पास आणि पासबरोबर सिंगापूर गेलं असतं. म्हातारा स्वतः ओतून देतो, नाही म्हणायचं नाही, अशी साहेबांनी ताकीद दिली. लेक लता सिंगापुरी थाटात म्हणाली, “बाबा, वन सिप ओन्ली लाह.”

बतिस्ताने पेला पुढे केला. धम्मानंदांनी हात जोडून आपण पीत नसल्याचं सांगितलं. साहेब रुमालाच्या घड्या घालू लागले.

“मग माझ्या मळ्यातलं तुम्हाला काय कळतं?” बतिस्ताने विचारलं.

टेबलावर मळ्याचा मोठा फोटो होता. प्रत्येक पायरीची माती नुसत्या रचलेल्या दगडांच्या भिंतीने अडवलेली. कोकणात याला गडगा म्हणतात, आणि धम्मानंदांच्या वडिलांचा जन्म गडगे रचण्यात गेला होता. त्यांनी एका भिंतीवर बोट ठेवलं.

“हिला पोट सुटलंय. पहिल्या मोठ्या पावसात बसेल.”

बतिस्ताने फोटो पाहिला, मग स्वतःचं पोट पाहिलं. साहेबांनी डोळे मिटले. म्हाताऱ्याने मुलाला फोन लावला. पोरगं दोन वर्षं हेच सांगत होतं, असं निघालं. बतिस्ताने तो पेला साहेबांकडे सरकवला, धम्मानंदांसाठी लिंबाचं सरबत मागवलं आणि सही केली.

तेव्हापासून दरवर्षी पहिल्या मालाबरोबर मनुकांची पेटी आणि त्या भिंतीचा फोटो येई. मागे एकच शब्द असे: ‘आता?’

धम्मानंद भिंग घेऊन बसत. एकदा त्यांनी लिहिलं, वरची ओळ उत्तम, डावीकडचा खालचा दगड बदला.

“अहो, मनुका त्याच्याच खाता आणि वर खोडही त्याचीच काढता,” रुपाली म्हणाली.

त्यांनी आणखी चार मनुका घेतल्या आणि उजवीकडचे दगड तपासायला लागले.