वाढलेली नखं
वडील जाफराबादच्या माळावर मेंढरं वळायचे, तेव्हा त्यांच्यासंगं फिरणाऱ्या आमच्या कुत्र्याची नखं दगडांवर आपोआप झिजायची. मोगलाईत, निजामाच्या राज्यात, पटकीची साथ आली, तिच्यात वडील गेले. मेंढरं विकली, आणि कुत्रा दारात पडून राहू लागला. नखं वाढून वळली. एक तर पंजाच्या मांसात शिरलं. मायनं त्याचं डोकं मला धरायला लावलं आणि लोकर कापायच्या कातरीनं नखं कापली. रक्त आलं तिथं हळद दाबली. कुत्रा कण्हलासुद्धा नाही.

"असा पडून राह्यलास तं मरशील. उद्यापासून माझ्यासंगं खुरपायला चल," माय त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यापर्यंत लंगडत गेला आणि परत फिरला. पुढं त्याचा पाय सडला. पोळ्याआधी तो मेला. त्याला पुरून माय लोकांच्या शेतात कामाला गेली.