एका टाकीत दोनदा कार्डिफ

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आम्ही चौघं एका घरात राहायचो. तिथल्या गप्पा आठवायला बसलं की कुठूनही सुरुवात करा, बोलणं शेवटी मिलिंदच्या जुन्या गाडीवरच येतं. त्याची बायको वैशाली शंभरावर मैल लांब कार्डिफला हॉस्पिटलात डॉक्टर होती. घरी पैसे पाठवून झाले की त्याला महिन्याला दोन टाक्या पेट्रोल परवडायचं. एका टाकीत दोन फेऱ्या बसल्या तर दर शनिवारी भेट, नाहीतर एक शनिवार हुकलाच. आणि थंडीत तर गाडी जास्तच पेट्रोल प्यायची!

*

थंडीत टायरमधली हवा कमी होते आणि मग पेट्रोल जास्त जळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. झालं! दर शुक्रवारी साहेब भुरभुरत्या बर्फात गुडघे टेकून हवा तपासायचे. थंड इंजिन फार पितं म्हणून जवळच्या कामाला गाडी काढायची नाही. एकदा बटाट्याचं पोतं खांद्यावर टाकून दोन मैल चालत आला. आम्ही खिडकीतून हसलो. माझी बायको तेव्हा व्हिसासाठी पुण्यात अडकली होती. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला निदान गाडीने जाता तरी येत होतं.

*

पेट्रोल वाचवायला मोटरवेवर तो ताशी पंचावन्न मैलांच्या वर जायचाच नाही. एकदा मी सोबत होतो, तर गाडीमागे कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर, ओढणाऱ्या एका आजीबाईंनी आम्हाला ओव्हरटेक केलं. मी म्हटलं, लाज वाटते रे.

"तिचा नवरा शेजारीच बसलाय," मिलिंद म्हणाला, "तिला पेट्रोलची काय फिकीर!"

*

वजन कमी करायचं म्हणून त्याने डिकीतली स्टेपनी काढून घरी ठेवली. नेमकं कार्डिफच्या वाटेवर स्विंडनजवळ टायर पंक्चर! मदतीला आलेल्या मेकॅनिकने डिकी उघडली, तर आत तांदळाची गोणी, कुकर आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. हे नसतं का काढता आलं, त्याने विचारलं. हे बायकोचं आहे, मिलिंद म्हणाला. मेकॅनिकने एक लाडू खाल्ला आणि कामाला लागला.

*

एका जानेवारीत मी पुन्हा त्याच्यासोबत निघालो होतो, आणि वैशालीची ड्यूटी ऐनवेळी बदलली. आम्ही पोचलो तेव्हा तिच्याकडे जेमतेम अर्धा तास होता. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये ती कोट न घालताच धावत आली आणि गाडीत बसली. मी चहा आणायला म्हणून उतरलो.

परत आलो तर इंजिन चालू, हीटर फुल, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेली. मी काचेवर टकटक केली. त्याने काच बोटभर खाली घेतली.

"अरे, पुढच्या शनिवारचं पेट्रोल जळतंय," मी म्हटलं.

"जळू दे. हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय तिचा."