आंबिलीचं मतदान

निलंग्याकडच्या आमच्या गावात वॉर्डाला तीन जागा, आणि मतदाराला मतंही तीन. वरच्या गल्लीत घरं जरा जास्त, खालच्या गल्लीत जरा कमी. वरचे लोक तिन्ही बटणं आपल्याच पॅनलची दाबतात आणि तिन्ही जागा घेऊन जातात. खालच्या गल्लीची मतं निम्म्याला टेकलेली, पण मेंबर एक नाही. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. वाटेल कसं? मी वर राहायचे.

राहायचे काय, निवडून आले होते! पॅनलला बाईची जागा भरायची होती, म्हणून दिरानं मला उभं केलं. त्या दिवशीच्या फोटोत मी अशी उभी आहे, जणू दिल्ली माझ्याच चुलीवर शिजते. मतं मला नाही, पॅनलला पडली, हे कळायला डोकं लागतं. ते मी तेव्हा फक्त पदर घ्यायला वापरायचे. खालच्या गल्लीतली एक म्हातारी नळ मागायला आली, तर ही गुलालातली भवानी तिला म्हणते कशी, "निवडून यायचं होतं की मग!"

पुढं वाटण्या झाल्या. वरचं घर दिराला गेलं आणि आम्ही खालच्या गल्लीत आलो. तिथं नळाला पाणी यायचं ते वरचे हौद भरून सांडल्यावर, तेही खोकत खोकत. आता दिराचा मुलगा मेंबर आहे. यंदा नवी पाइपलाइन मंजूर झाली, आणि तिची पाणी समिती ग्रामसभेत ठरायची होती. बारा माणसांची. पुतण्यानं बाराच्या बारा नावं आपल्या गल्लीतली काढली.

मी म्हटलं, "अरे, पाच तरी आमची घे. मतं तेवढी हायत आमची."

"काकू, आम्ही जिंकलोत. कायद्यानं जिंकलोत."

माझंच वाक्य, फक्त मिशा फुटलेल्या.

मग आली वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळे शेतात जेवतात. कडब्याच्या खोपीत पूजा झाली की रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारायची, ताकातली ज्वारीची आंबील पाजायची. त्या दिवशी कुणाला आंबील नाकारणं म्हणजे मोठं पाप. आणि आंबील प्यावी तर माझ्या हातची, हे वरची गल्लीही कबूल करते.

आमच्या शेतात पंगत बसली, पुतण्याही आपली चार माणसं घेऊन बसला. मी शेंगा-भाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलीचं मडकं मधोमध ठेवलं.

"हात वर करा. भज्जी पाहिजे का आंबील? एकच सांगायचं."

लोक हसले. भुकेले होते, भज्जीला जास्त हात वर झाले. मी मडक्यावर ताट झाकलं आणि त्याला खेटून ठाण मांडून बसले.

"भज्जी जिंकली. वाढ गं सूनबाई."

थोडा वेळ चेष्टा वाटली. भज्जी तिखट होती. ती मीच सांगून तशी करवली होती. पुतण्याचे डोळे पाणावले.

"काकू, आंबील द्या की."

"निवडून न्हाई आली बाबा ती."

"अवो, निम्म्या लोकांनी मागितली हाय!"

"हाव? मग निम्म्या लोकांना काहीच न्हाई, हे कुठं बघितलंस का रे आधी?"

सूनबाई कानाशी म्हणाली, "आत्याबाई, आजच्या दिवशी असं करू नये." मला ठाऊक होतं. पण आंबिलीचं पाप लागतं आणि पाण्याचं लागत नाही, हा कुठला देव?

"कायद्यात तसं न्हाई, काकू," तो म्हणाला.

"आंबीलही न्हाई कायद्यात. तरी पितोस ना?"

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "बरं, समितीत दोन घेतो तुमची. सगळ्यांसमोर सांगतो."

मी उठले, ताट काढलं. पंगतीत सगळ्यांचे पेले काठोकाठ भरले. त्याच्या पेल्यात मात्र निम्म्याच्याही खाली ओतली.

"हे काय?"

"दोनाची एवढीच बसते. पाच म्हण, भरते."

त्यानं पेला एका घोटात संपवला आणि पुन्हा पुढं केला. मी मडकं मांडीवर घेऊन बसले होते.