बदकं उपाशी सोडायची

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. सकाळपासून वहिनीच्या खुराड्याचा खालचा पत्रा बदलत होते. जुना पत्रा गंजून पापड झाला होता, खिळा ठोकला की तुकडाच हातात यायचा. हे काम तिने पाऊस थांबल्याबरोबर केलं असतं, पण ती पावसातच गेली.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. गणपतीच्या आधी कावीळ झाली, ती तिने अंगावर काढली, आणि इस्पितळात नेलं तोवर उशीर झाला होता. शेवटच्या संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर तिकडे गेले. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "कडी लागली का गं?" नर्सला वाटलं, बाई भ्रमात आहे. भ्रम कसला... दिवेलागण झाली होती, एवढंच. "लागली," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला.

मालाडला, आरे कॉलनीच्या कडेला त्यांचं बैठं घर. मागे डबकं आणि डबक्यापलीकडे झाडी. माझ्या थोरल्या दिरांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी एका कारखान्यात रात्रीची वॉचमनची नोकरी धरली आणि वहिनीने बदकं पाळली. "हे लोकांच्या दाराची राखण करतात, आपल्या दाराची मी," असं ती त्यांच्या तोंडावर सांगायची. दादा म्हणायचे, "मला निदान शिट्टी दिलीय. तुला काय दिलंय?" "डबा," वहिनी म्हणायची.

डबा म्हणजे वनस्पती तुपाचा रिकामा डबा, बाजूने चेपलेला. त्यात कोंडा आणि बाजारातून आणलेली मासळीची मुंडकी. कोंबड्या अंधारायला लागलं की आपणहून आत शिरतात. बदकांना ती अक्कल नाही. ती पाण्यावर तरंगत राहतात आणि पलीकडच्या झाडीत रानमांजर त्यांची वाट बघत बसतं. पहिल्या वर्षी तर ते जाळीपर्यंत आलं होतं. जाळीची भोकं मोठी, पंजा आत घालून त्याने दोन बदकं जागच्या जागी फाडली. तेव्हा आम्ही दोघींनी डबे कापून, सपाट करून, खालून गुडघाभर पत्रा मारला. ती पत्रा धरायची आणि मी हातोडी चालवायची. "माझं बोट सोडून सगळीकडे मार," ती म्हणाली होती.

पण पत्र्याने बदक आत येत नाही. त्यासाठी तिने एक नियम केला होता. सकाळी अंडी पडून झाली की बदकं बाहेर सोडायची, ती उपाशीच. दिवसभर डबक्यात काय मिळेल ते खावं. आमच्या हातचं मिळेल ते फक्त संध्याकाळी, आणि तेही खुराड्याच्या आत. डब्यावर डावाचा दांडा वाजला की सगळी ओळीने पळत यायची. एखादी रेंगाळली की वहिनी मालवणीवर यायची. "चल गो भवानी, भायर तुझो बापूस वाट बघता." मग कडी.

दादांना हे माहीत नव्हतं. कसं असणार? दिवेलागणीला ते ड्यूटीला निघालेले असायचे. वहिनी इस्पितळात होती तेव्हा ते दिवसभर तिच्याजवळ बसत आणि संध्याकाळी घाईने येऊन आत दाणे टाकत, त्यामुळे आपोआपच सगळं बरोबर होत होतं. सुतकात जेवण शेजाऱ्यांकडून बेताचं यायचं, उरायचं काही नाही. तेराव्याला मात्र पंगत झाली आणि पातेलंभर भात उरला. दादांनी तो दुपारी परसात नेऊन स्वतःच्या हाताने बदकांना घातला. आम्ही बायका भांडी आवरत होतो, कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर ते म्हणाले, "तिच्या नावाचं जेवण... म्हटलं, यांनाही पोटभर मिळू दे."

पोटं भरली होती. संध्याकाळी दादांनी डबा वाजवला, वाजवून वाजवून त्याला नवा पोचा पाडला. एकही आलं नाही. सकाळी डबक्याच्या काठाला पिसंच पिसं. तीन उरली.

तेव्हापासून दादा परसाकडे फिरकेनात. खुराडं उघडायचं-लावायचं शेजारीच बघत, आणि दादा आतूनच खिडकीतून काहीतरी टाकत. परवा मला निरोप धाडला, बदकं घेऊन जा म्हणून. मी कांदिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. आले आणि हातोडी मागितली.

"कशाला करतेस हे? कोणालातरी देऊन टाक," दादा म्हणाले. "तिने एवढी सांभाळली, मी एका दुपारी मारली."

"मारली रानमांजराने. तुम्ही जेवू घातलंत. आणि दिवसपाळी मागितली होतीत ना, मिळाली का?"

"मिळाली. पण संध्याकाळी मी घरी बसून करू काय?"

"डबा वाजवायचा."

ते पत्रा धरायला आले. मी दमले होते. गेले कित्येक आठवडे माझं घर, ऑफिस आणि हे घर यांतच चालले आहेत. वहिनीसाठी नीट रडायलाही सवड झाली नाही, आणि आता सवड झाली तर रडेन की झोपेन, सांगता येत नाही. संध्याकाळी दादांनी डबा हातात घेतला. तीन बदकं आली, घाईत नाही, पण आली. कडी त्यांनीच लावली. मी रात्री तिथेच राहिले.

सकाळी अंडी काढून मी खुराडं उघडलं. बदकं डबक्याकडे जाण्याऐवजी दादांच्या पायाशी जाऊन उभी राहिली. त्यांच्या हातात रात्रीची पोळी होती.

"एकच तुकडा," ते म्हणाले. "बघ ना कशी बघतायत."

मी त्यांच्या हातातली पोळी घेतली, चहात बुडवून उभ्या उभ्या खाल्ली, आणि डबा उंच फळीवर ठेवून बस पकडायला निघाले.