ताईंनी या वर्षी काय सोडलं

आमच्या घरात चातुर्मास हा धर्माचा कमी आणि चढाओढीचा जास्त विषय आहे. आषाढी एकादशीला मामंजींच्या राममंदिरात ओळखीच्या बायका जमतात, तळहातावर पाणी घेतात आणि कार्तिकीपर्यंत काय सोडणार ते देवासमोर सांगतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी गादीवर झोपणं. देवाला मनातलंही कळतं, पण शेजारणीला कळत नाही, म्हणून सगळ्या जरा मोठ्यानंच सांगतात. कार्तिकीला व्रत सुटलं की सोडलेली वस्तू आधी ब्राह्मणाला दान द्यायची, मग आपण खायची. इथले ब्राह्मण म्हणजे माझे सासरे श्रीपादराव, त्यामुळे कार्तिकीनंतर आमच्याकडे वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी आणि वांग्याचा भात असा क्रम चालतो. मी इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली. लग्न होऊन धारला आले त्या वर्षी गडबडीत मी मोबाइल सोडते म्हणून बसले आणि दुपारपर्यंत तोंडघशी पडले.

या चढाओढीत पहिला नंबर कायम ताईंचा. ताई म्हणजे मामंजींची थोरली बहीण, माझ्या नवऱ्याची, मयुरेशची आत्या. पण भाऊ, भाचे, पुतण्या, सुना, दूधवाला, सगळे त्यांना ताईच म्हणतात. देवासला मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, तिथेच देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी राहतात. यजमान गेल्यापासून एकट्या आहेत. आषाढीला धारला येतात ते श्रावण संपेपर्यंत राहतात, आणि राहतात म्हणजे राज्य करतात. वांगं सोडणाऱ्या बायकांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "वांगं काय, कुणीही सोडतं," असं त्या वांगं सोडणाऱ्यांच्या देखत म्हणत. त्यांनी स्वतः चहा सोडून झाला होता, साखर सोडून झाली होती. एका वर्षी तर त्यांनी शेव सोडली. माळव्याबाहेरच्या माणसाला यातला पराक्रम समजणार नाही. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वरणावर शेव, शेवेचीच भाजी, आणि आजारी माणसाच्या खिचडीवरही कुणी बघत नसेल तर शेव. त्या वर्षी समोरच्या बकुळाकाकूंनी फक्त दही सोडलं होतं. काकू जुन्या दरबारी मराठ्यांच्या घरातल्या, मानापमान फार. कार्तिकीपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

गेल्या वर्षी आषाढीला ताईंची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी कान टवकारले. ताईंनी पाणी सोडलं आणि म्हणाल्या, "काय सोडलं ते देवाला माहीत आहे. बाकीच्यांना कार्तिकीला कळेल."

झालं. बकुळाकाकूंची झोप उडाली. त्या रोज काही ना काही निमित्त काढून येत आणि ताईंच्या ताटाकडे बघून जात. मीही कमी नाही. सोमवारी मी ताईंपुढे चहा ठेवला, त्या प्यायल्या. खीर केली, खाल्ली. शेव वाढली, दोनदा मागून घेतली. गादीवर झोपत होत्या, चपला घालत होत्या, टीव्ही बघत होत्या. या बाईनं सोडलंय तरी काय, हे मला कळेना, आणि मला कळेना म्हणून बकुळाकाकू माझ्यावर रुसल्या.

ताईंचं काहीतरी बिनसलंय हे मात्र लवकरच दिसायला लागलं. आधी चिडचिड सुरू झाली. आरती चालू असताना त्यांनी मामंजींना मध्येच थांबवून चाल सुधारायला लावली. भाजीवाल्याला मराठी, हिंदी आणि माळवी अशा तिन्ही भाषांत सुनावलं. तो बिचारा "माफ करो माँसाब" म्हणत गाडा ढकलत पळाला आणि आमच्या गल्लीत यायचा बंद झाला. मग रडणं सुरू झालं. आणि रडणं कशावर, तर सिमेंटच्या जाहिरातीवर. त्यात एक म्हातारा नवं घर बांधतो एवढंच होतं. ताई पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या आणि मयुरेश घाईघाईनं चॅनेल बदलत होता. सकाळी उठल्या की स्वप्नं सांगायच्या. धार जिल्ह्याची बोर्डाची परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात ठेवलीय, मुली ओट्यावर बसून पेपर लिहितायत आणि प्रश्नपत्रिका कणकेच्या डब्यात आहे, असलं काहीतरी. चालताना भिंतीला हात लावून चालायला लागल्या. मामंजी म्हणाले, पित्त असेल. मयुरेश म्हणाला, वय झालं. आमच्या घरात पुरुषमंडळींना एवढे दोनच आजार माहीत आहेत.

मला वाटलं, उपास जास्त झाले. मंदिराच्या मागच्या पायरीवर मी वाती करत बसले होते, ताई शेजारी येऊन बसल्या. मान वळवून माझ्याकडे बघायला गेल्या आणि एकदम डोळे मिटून पायरी धरून राहिल्या. मी विचारलं तर आधी काही नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "श्रिया, मान फिरवली की डोक्यात करंट लागून राहिला. तो आपला पुराना कूलर नाही का, ओला हात लावला की झन्न करतो, तसा. डोक्याच्या आतून."

मी म्हटलं, ताई, तुम्ही सोडलंय काय ते आता मला सांगा.

त्या म्हणाल्या, "गोळी."

मग सगळं बाहेर आलं. यजमान गेले त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या देवासच्या घरात खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून होत्या. टेकरीवर लोक चढताना दिसायचे, उतरताना दिसायचे, आणि आपण उठून चहा करावा एवढंही त्यांना जमत नव्हतं. आम्ही फोन केला की त्या "मजेत आहे" म्हणायच्या आणि आम्हीही मजेत फोन ठेवायचो. शेवटी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली आणि हळूहळू त्या खुर्चीतून उठल्या. पुढची शेवबिव सोडण्याची सगळी कामगिरी त्या गोळीच्या जोरावर झालेली होती. आता बरं वाटत होतं, सोडण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून या खेपेला देवासमोर त्यांनी गोळीच सोडली. एकदम, एकादशीला, डॉक्टरांना न विचारता.

मला रागही आला आणि रडूही आलं. माणसं वांगं सोडतात, ही बाई औषध सोडून बसली होती.

मी म्हटलं, आजच्या आज गोळी घ्या. त्यावर त्या जे बोलल्या त्यात हेडमास्तरीण कुठेच नव्हती. "तेच परत येऊन राहिलं आहे गं. खिडकीतलं. मी बरी झालेच नव्हते. आणि आता घेऊ तरी कशी? देवासमोर पाणी सोडलंय."

दुसऱ्या दिवशी मयुरेशनं गाडी काढली आणि आम्ही देवासला गेलो. वाटेत ताईंना इतकं गरगरत होतं की इंदूरच्या बायपासवर त्यांनी मयुरेशला गाडी चालवण्यावरून एक शब्दही सुनावला नाही, तेव्हा तो खरा घाबरला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळी कधी बंद केली आणि त्रास कधी सुरू झाला ते विचारलं. म्हणाले, हा जुना आजार परतलेला दिसत नाही. गोळी एकदम थांबवली की शरीर असा गोंधळ घालतं. चक्कर, झटके, चिडचिड, रडू, स्वप्नं, सगळं त्यातलंच. पहिल्यासारखी गोळी परत सुरू करा, स्थिर झालात की आपण अगदी थोडी थोडी कमी करू, आणि शेवटी शेवटी तर आणखीच सावकाश. गोळी सुटेल, पण घाई केलीत तर सुटणार नाही. ताईंनी विचारलं, कार्तिकीपर्यंत होईल का? डॉक्टरांना कार्तिकी कधी असते ते माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ते हसून नाही म्हणाले.

आजार परतला नाही हे ऐकून ताईंचा अर्धा रंग परत आला. उरलेला अर्धा संकल्पात अडकला होता. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये घेऊन त्या धारला आल्या आणि सरळ मंदिरात मामंजींपुढे जाऊन बसल्या. भावाला सगळं सांगितलं. मामंजींनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, ताई, औषधानं व्रत मोडत नाही, हे तर शास्त्रातच आहे. ताई म्हणाल्या, ते उपासाला ठीक आहे. औषध घेतल्यानं उपास मोडत नाही, पण मी औषधच सोडलंय, मग औषध घेतल्यावर काय मोडणार, व्रत की शास्त्र? मामंजींनी जानव्याला पीळ दिला, उपरणं सारखं केलं. अमझेऱ्याच्या मोरोपंतशास्त्रींना फोन लावून विचारू का म्हणाले. ताई म्हणाल्या, लाव, म्हणजे सगळ्या जिल्ह्याला कळेल.

मामंजींनी जन्मात कधी ताईंना उलट उत्तर दिलं नव्हतं. लहानपणी त्यांचे पाढेही ताईंनीच घेतलेले. त्यांनी एकदा रामाकडे बघितलं आणि विचारलं, "संकल्प कशासाठी केला होतास?"

"बरी झाले म्हणून. देवाला दाखवावं, की आता मला गरज नाही."

"मग रामाला कुठे घाई आहे? तू सोडायचं म्हटलंस, डॉक्टरही सोडाच म्हणतात. तुझा चातुर्मास कार्तिकीला संपतो, त्यांचा जरा लांब आहे, एवढंच. व्रत मोडलं नाही, ताई. वाढलं."

ताईंनी डोळे बारीक केले. "हे शास्त्रात आहे?"

"नाही," मामंजी म्हणाले, "मी सांगतो आहे."

आणि त्यांनी तीर्थाची पळी पुढे केली. ताईंनी पर्समधून पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली आणि धाकट्या भावाच्या हातचं तीर्थ घेऊन ती गिळली. मी खांबाआड उभी राहून डोळे पुसत होते. मयुरेशच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्यानं उदबत्तीचा धूर गेला म्हणून सांगितलं.

थोड्याच दिवसांत ताईंच्या डोक्यातला कूलर थांबला आणि भाजीवालाही गल्लीत परत यायला लागला. श्रावण संपल्यावर ताई देवासला गेल्या, आणि मग खरी मजा सुरू झाली. डॉक्टरांनी गोळी जरा कमी केली की ताईंचा फोन यायचा आणि शाळेत सूचना वाचावी तशा त्या सांगायच्या: आजपासून गोळी कमी केली आहे, या दिवसांत मी चिडेन, कुणी वाद घालू नये आणि मनावर घेऊ नये. मामंजी ही सूचना उभ्यानं ऐकत. दिवाळीच्या आधी एकदा त्यांना परत गरगरायला लागलं, तेव्हा आपलं आपण काही न ठरवता त्यांनी डॉक्टरांना कळवलं आणि डॉक्टरांनी पुढची पायरी लांबवली. न विचारता ठरवायचं नाही, हे ताईंना शेव सोडण्यापेक्षा जड गेलं असणार.

कार्तिकीला त्या धारला आल्या. मंदिर भरलं होतं. मामंजींपुढे वांग्यांचा ढीग लागला, त्यावर कांदे. बकुळाकाकूंनी या खेपेला तूप सोडलं होतं, त्यांनी तुपाची बरणी ठेवली आणि ताईंकडे वळून बसल्या. सगळ्या ताईंकडे बघत होत्या. ताईंच्या हातात काहीच नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील आणि मारली तरी मी काही म्हणणार नाही.

ताई म्हणाल्या, "श्रीपाद, तुला या वर्षी दान देता येत नाही. मी सोडलंय ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाला देता येत नाही." आणि मग वर्गात धडा सांगावा तसं सगळं सांगितलं. खिडकी, गोळी, एकादशी, करंट. अजून पूर्ण सुटली नाही, अर्धी चालू आहे, हेही सांगितलं. सिमेंटची जाहिरातसुद्धा सोडली नाही.

बायका आपापल्या वांग्यांकडे बघत बसल्या. मला ताईंची काळजी वाटायला लागली. तेवढ्यात बकुळाकाकू पुढे सरकल्या आणि शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "आमच्याकडे हे घेतात. तीन वर्षं झाली. आम्ही सगळ्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणून सांगतो."

हे म्हणजे प्रतापरावकाका, मिशीला पीळ देऊन सकाळी फिरायला जाणारे. ताईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "घेऊ द्या. आणि थांबवायच्या झाल्या तर आधी डॉक्टरांना विचारा. एकदम बंद करू देऊ नका. मला विचारा एकदम बंद केल्यावर काय होतं ते."

त्या दिवसापासून काकू आमच्याकडे ताटात डोकावायला आल्या नाहीत. येतात, पण बसायला येतात.

ताईंची गोळी रंगपंचमीनंतर कधीतरी सुटली. शेवटी शेवटी ती इतकी लहान झाली होती की ताई म्हणायच्या, गिळली की सांडली तेच कळत नाही. सुटल्यावरही डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. खुर्ची खिडकीपाशीच आहे, पण आता तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल असतात.

परवा आषाढी झाली. ताई आल्या, मंदिरात बसल्या. बायका कांदा म्हणाल्या, दही म्हणाल्या, एकीनं तर चहा म्हणून सगळ्यांना गार केलं. मग ताईंची पाळी आली आणि पुन्हा सगळ्यांनी कान टवकारले. ताईंनी तळहातावर पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वांगं."

बकुळाकाकूंना राहवलं नाही. "नुसतं वांगं?"

"नुसतं वांगं," ताई म्हणाल्या. "तसंही मला आवडत नाही."