मेंढरांच्या पोत्यात मोरचूद

कृष्णवेणी सही करायला फार उदार. तिथंच तिचा घात झाला.

कडकोळला जनावरांच्या खाद्यात मिसळायची खनिजं बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. जस्त, कोबाल्ट, सेलेनियम, सगळा चिमटीचिमटीचा हिशेब. कृष्णवेणी तिथली केमिस्ट. मालक रघूत्तम हा तिच्या वडिलांचा विद्यार्थी, अकरा वर्षं तिच्याकडून राखी बांधून घेणारा. गायींच्या मिश्रणात तांब्यासाठी निळं मोरचूद घालतात, ते गायींना मानवतं. मेंढरांना मात्र ते विषच. तांबं त्यांच्या यकृतात आठवडेच्या आठवडे साठत राहतं आणि एक दिवस अचानक उलटतं. म्हणून मेंढरांचं मिश्रण तिनं स्वतः बसवलं होतं, मोरचुदाशिवाय. नमुना तपासून ती चिठ्ठीवर सही करी, मगच पोतं शिवलं जाई.

पण एकदा रघूत्तम म्हणाला, "अक्का, तुम्ही रजेवर गेलात की लॉरी खोळंबते. शनिवारीच पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या सही करून ठेवा की. सुम्ने, उगाच कशाला लोकांना थांबवायचं?"

आणि ही शहाणी दर शनिवारी कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकून मोकळी! आता भावावर संशय घ्यायचा तरी कसा, सांगा.

मग एका सकाळी दिगंबररावांचा फोन आला. पूर्वीचे तिचे शेजारी. निवृत्त झाल्यावर झेपेल एवढी शेड बांधून पन्नास कोकरं जागेवरच चारा घालून वाढवत होते. "कृष्णवेणीअक्का, दोन मेली. बाकीची मान टाकून उभी आहेत. लगेच या."

ती स्कूटर काढून धावली. कोकरांचे डोळे हळदीसारखे पिवळे, आणि लघवी कॉफीच्या डिकॉक्शनसारखी काळी. कारखान्याच्या खनिजाच्या पोत्यात हात घालून तिनं मूठभर भुकटी तळहातावर पसरली. निळे कण लख्ख दिसत होते. अय्यो, हे गायींचं मिश्रण! पोत्याच्या तोंडाशी तिच्याच सहीची चिठ्ठी.

दिगंबररावांनी पोत्यावरचा नंबर बघून रघूत्तमला फोन लावला, स्पीकरवर. ती शेजारीच आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मेंढरांचा माल संपला होता हो, गायींचा पडून होता, तो भरला," तो सहज म्हणाला. "पण अक्कांनी तपासून पास केलाय ना! सही बघा. चुकलं असेल तर त्यांचं. मी तर शिकलेलाही नाही त्यातलं."

मेल्याची जीभ कशी वळली? अकरा वर्षांचा भाऊ, आणि एका वाक्यात तिला पुढं ढकलून हा मागं सरकला. ओरडून त्याला खोटं पाडावं असं फार वाटलं तिला. पण समोर एक कोकरू गुडघे टेकत होतं.

"पोती बाहेर काढा, एक दाणाही देऊ नका," ती म्हणाली. "गुरांच्या डॉक्टरांना सांगा, तांब्याची विषबाधा आहे, उतारा घेऊनच या. आणि दिगंबरराव, मी तपासलं नव्हतं. चिठ्ठी कोरी होती तेव्हाच सही केली होती. त्यानं मला फसवलं हो."

दिगंबररावांनी डॉक्टरांना फोन केला, पोती ओढून बाहेर टाकली, हात झटकले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्याला मी ओळखतही नव्हतो, अक्का. मी तुम्हाला ओळखत होतो."