गवताची यादी

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात डोंगरावर चराईबंदी करायची ठरली, तेव्हा सभेत पहिला हात मी वर केला होता. पाऊस बेभरवशाचा झाला होता, विहिरी दिवाळीलाच तळ दाखवत होत्या. जनावरं डोंगरावर सोडायची नाहीत आणि पाणी अडवायला चर खणायचे, श्रमदानाला घरटी एक माणूस द्यायचा, असा ठराव झाला.

माझ्या घरातून मी जायचो, तेही जमेल तसं. वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी एक बाई, जिला सगळं गाव मावशी म्हणायचं, ती मात्र रोज हजर. तिला शेत नाही, विहीर नाही. चार शेळ्यांवर तिचं घर चालायचं. त्या दारात बांधून ती आमच्याबरोबर कुदळ मारायची. बांधाबांधावरचा पाला ओढून आणून तिनं तीन वर्षं शेळ्या जगवल्या, डोंगरावर गवत होईल या एका आशेवर.

गवत झालं, चांगलं कमरेइतकं. विहिरींना पाणी आलं. बाहेरगावचे लोक बघायला येऊ लागले आणि मी मिरवून घेतलं. गवत कोणी कापायचं ती यादी माझ्याकडे होती. यादी म्हटली की सातबारा बघायचा, ही आमची जुनी खोड. मीही तेच केलं. कोणी हरकत घेतली नाही, कारण विचारलेल्या सगळ्यांकडे सातबारा होता.

कापणीच्या दिवशी ती विळा घेऊन आली.

"मावशी, तुमचं नाव न्हाई यादीत," मी म्हणालो.

"चर खांदताना कुठं यादी हुती?" एवढंच विचारून ती माघारी गेली.

मला राग आला, तोही तिचाच. चारचौघांत बोलली म्हणून. आज त्याची लाज वाटते.

बांधावरचा पालाही संपला, चारा मिळेना, तेव्हा महिन्याभरात तिनं चारही शेळ्या घोडेगावच्या बाजारात विकल्या. ते कळल्यावर मी सभेत भांडून घरटी वाटा मंजूर करून घेतला. तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं आणि मनात म्हटलं, झालं, फिटलं.

पुढच्या वर्षी ती आली. दिवसभर वाकून तिनं आपल्या वाट्याचं गवत कापलं, भारे बांधले आणि एकेक करून माझ्या गोठ्यात आणून टाकले.

"मावशी, हे इथं कशाला?"

"वाटा हक्काचा हाय, त्यो सोडनार न्हाई," ती म्हणाली. "पन खायाला माज्याकडं कोन हाय आता?"

माझ्या गाईनं तोवर भाऱ्यात तोंड घातलं होतं.